बंबवाल्याला सांगितलं होतं, पोलिसाला नाही

ऑटर क्रॉसिंगमध्ये चोरी झाली तरी फोन रूडी नीमेलाला जायचा आणि आग लागली तरी रूडी नीमेलालाच. सातशे वस्तीच्या गावात चोऱ्या अशा किती होणार, आणि आगी तरी वर्षाला आठ-दहाच. त्यामुळे बाहेरचा कुणी आला की सहज म्हणून जायचा, "बरं आहे की, एकाच माणसात दोन्ही कामं होतात!" हे वाक्य ऐकलं की रूडीची मान कॉलरपासून वर लाल होत जायची.

खाण चालू होती तेव्हा गावात तीन पोलीस होते. खाण बंद पडली, अर्धं गाव दक्षिणेला मोटारींच्या कारखान्यांकडे निघून गेलं आणि तिनाचे दोन, दोनाचा एक झाला. तो उरलेला एक म्हणजे रूडी. त्याला पोलीसप्रमुख म्हणत. कुणाचा प्रमुख, हे विचारायचं नाही. बंबाचं प्रमुखपद तर त्याने मागितलंही नव्हतं. जुना चीफ गुडघे दुखतात म्हणून फ्लोरिडाला लेकीकडे निघाला, तेव्हा नवा निवडायला सगळे स्वयंसेवक बंबघरात जमले होते. ऐन वेळी हमरस्त्यावर कुणाच्या तरी गाडीला हरीण धडकल्याचा फोन आला आणि रूडी उठून गेला. वीस मिनिटांनी परत आला तर टाळ्यांचा कडकडाट. खोलीत नसलेल्या माणसाला एकमताने निवडून देण्यात ऑटर क्रॉसिंगचा हात कुणी धरू शकत नाही.

त्याला आता नऊ वर्षं झाली होती. टेबल एक, त्यावर फोन दोन. डावीकडचा खण बंबाचा, उजवीकडचा पोलिसांचा. गाडीत मागच्या सीटवर निळा कोट आणि जाड पिवळा कोट एकमेकांवर पडलेले असायचे आणि घाईत नेमका नको तो हाताला यायचा. पोलिसांच्या नियमाप्रमाणे आगीच्या जागी पोचल्यावर त्याने आधी रस्ता अडवायचा. बंबाच्या नियमाप्रमाणे प्रमुखाने आधी पंपाशी उभं राहायचं. दोन्ही नियम लिहिणारे लोक लांबच्या शहरात बसलेले, आणि दोघांनाही दुसऱ्याचा पत्ता नाही.

त्याची बायको डार्लीन म्हणायची, "तुझ्या दोन नोकऱ्यांचं एकमेकींशी पटत नाही, ते त्यांचं त्या बघोत. पण भांडून झालं की दोघी जेवायला माझ्याकडे येतात."

त्या वर्षी एप्रिलमध्ये बर्फ लवकर गेलं. उघड्या जमिनीवर गेल्या वर्षीचं गवत कागदासारखं वाळून पडलेलं आणि तळ्यावरून दिवसभर वारा. रूडीने गवत जाळायचे परवाने बंद केले. परवाना द्यायचा तो बंबाच्या प्रमुखाने, आणि परवान्याशिवाय जाळलं तर पकडायचं ते पोलिसाने, म्हणजे तेही त्याच्याच गळ्यात.

शुक्रवारी लेनी हाताया आला. चव्वेचाळीस वर्षांचा, दोन वर्षांपूर्वी कारखान्यातून कमी केल्यावर आईकडे परतलेला.

"मागचं गवत जाळायचंय. आई म्हणते, उंदीर झालेत."

"वारा पडू दे. सोमवारी बघू."

"बाप दर एप्रिलला जाळायचा. त्याला कुणी कागद मागितला नव्हता."

"लेनी, तुझ्या बापाने एकदा माझ्या बापाचं कुंपण जाळलं होतं. सोमवारी ये."

लेनी निघून गेला. शनिवारी दुपारी दोन वाजता बंबघरावरचा भोंगा वाजला.

आग लेनीच्या आईच्या, इम्पी हातायाच्याच मागच्या अंगणात होती. गवत धरून ती आधी सौनाकडे, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराकडे गेली. तिच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने ओंडके रचून बांधलेला सौना होता तो, आणि शनिवार अंघोळीचा दिवस म्हणून तिने सकाळीच आत धुतलेले टॉवेल नेऊन ठेवले होते. तिथून आग कुंपण ओलांडून शेजारच्या वॉल्फ्रिड पेल्टोच्या गवताच्या कोठारात शिरली. पाच स्वयंसेवक आले होते. बाकीचे मासे धरायला नदीवर. रूडीने पंप चालू केला. तो जुना पंप पाणी ओढण्याआधी तीनदा खोकायचा, आणि तेवढ्यात बघ्यांच्या गाड्या रस्त्यावर आडव्यातिडव्या लागून दुसऱ्या टाकीच्या गाडीला वाट उरली नाही.

रूडीने रेडिओ उचलला. "शर्ली, रस्ता मोकळा करायला पोलीस पाठव."

जिल्ह्याच्या ठिकाणी बसून सगळ्या गावांचे फोन घेणारी शर्ली शिस्तीची बाई होती. तिने बटण दाबलं आणि रूडीच्या कमरेचं दुसरं यंत्र किरकिरलं.

"शर्ली, तो मीच आहे!"

"मला माहीत आहे, रूडी. पण तू मागितलास, मला नोंद करावी लागते. पोलीस येतोय का?"

"येतोय," असं दातओठ खात म्हणून रूडी नळी दुसऱ्याच्या हातात देऊन रस्त्याकडे पळाला. गाड्या हटवायला सहा मिनिटं लागली. तेवढा वेळ वॉल्फ्रिड कुंपणाशी उभा राहून ओरडत होता, "वाऱ्याच्या बाजूने मारा! अरे, ज्वाळेवर काय मारता, बुडाशी मारा! चीफ कुठे गेला? चीफ गाड्या पार्क करतोय!" वॉल्फ्रिडने सगळी हयात खाणीत मोजणीदार म्हणून काढली होती. दुसऱ्याचं काम कुठे चार बोटं चुकतंय ते त्याला लांबून दिसायचं, आणि दिसलं की तोंड बंद ठेवणं त्याला जमायचं नाही. चीड आणणारी गोष्ट अशी, की बुडाशी मारा हे त्याचं बरोबर होतं.

सौना पुरता गेला. कोठार अर्धं गेलं. इम्पीचं घर मात्र वाचलं.

चारच्या सुमाराला सगळं निवलं आणि इम्पीने सगळ्यांना कॉफीला आत घेतलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, काजळी उडालेल्या एप्रनमध्येच तिने वेलदोड्याचा पाव कापला. बाहेर तिने सगळ्यांना एकच सांगितलं होतं, की सौनाच्या धुरांड्यातून ठिणगी उडाली. लेनी कुठे दिसत नव्हता. एकेक जण कप ठेवून निघून गेला. रूडी हात धुवायला मागे राहिला, तेव्हा ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"रूडी, ठिणगी नव्हती रे. लेनीने पेटवलं गवत. मी नको म्हणत होते. तू नाही म्हणाला होतास तेही मला ठाऊक होतं. खिडकीतून बघत राहिले आणि थांबवलं नाही."

पिवळ्या कोटातला रूडी काजळलेल्या तोंडाने बसला होता. थकला होता. त्याने मान हलवली, तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, "घर वाचलं ना, इम्पीमावशी. ते महत्त्वाचं." मग त्याने पावाचा आणखी एक तुकडा घेतला. गाडीत बसून किल्ली फिरवली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की हे आपण कुणी म्हणून ऐकलं?

सोमवारी बंबाचा अहवाल लिहायचा होता. "आगीचं कारण" अशी ओळ होती त्यात. ठिणगी लिहिणं सोपं होतं. पण सौना त्या दिवशी पेटवलेलाच नव्हता हे त्याने स्वतः भट्टी उघडून पाहिलं होतं, आत राखच नव्हती, आणि खोटं लिहायचं तर वॉल्फ्रिडचं कोठार कुणाच्या नावावर मांडायचं? त्याने खरं लिहिलं. नियमाप्रमाणे अहवालाची प्रत पोलिसांकडे जायची. त्याने ती डावीकडून उचलून उजवीकडच्या खणात ठेवली, आणि खण बंद केला.

चार दिवस तो खण त्याने उघडला नाही. शुक्रवारी उघडला, निळा कोट घातला आणि समन्स घेऊन हातायांच्या दारात गेला.

दार इम्पीने उघडलं. कागद बघितला, कोट बघितला.

"मी बंबवाल्याला सांगितलं होतं," ती म्हणाली. "पोलिसाला नाही."

"मावशी, बंबवाला आणि पोलीस..."

"माझ्या टेबलावर बसून माझा पाव खाल्लास तू."

लेनी मागून आला. त्याने कागद घेतला, वाचला, आणि रूडीकडे न बघता आईकडे बघितलं. "तू सांगितलंस?" एवढंच विचारलं त्याने. त्यानंतर तीन आठवडे तो आईशी एक शब्द बोलला नाही; घरात असूनही जेवण ताटात वाढून उभ्याउभ्या खायचा आणि निघून जायचा, हे सगळ्या गावाला ठाऊक झालं.

कारण इम्पी बोलत होती. चर्चमधल्या कॉफीला बोलली, दुकानात बोलली. "रूडी आला की तोंड मिटून बसा. तो आग विझवतो आणि राखेतून कागद काढतो." आणि गावाने ते मनावर घेतलं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ग्लॅडिस मॅटसनच्या धुरांड्याला आग लागली, तिने भोंगा वाजवायला फोनच केला नाही. नवरा-बायकोने मिळून मीठ आणि वाळू टाकून ती विझवली आणि ग्लॅडिसचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दवाखान्यातून कळलं तेव्हा रूडी तिच्याकडे गेला.

"फोन का केला नाहीस?"

ग्लॅडिस बँडेज केलेला हात मांडीवर ठेवून बसली होती. ती घुटमळली. "आमच्या त्या धुरांड्याला तपासणीचा कागद नाही ना, रूडी. म्हटलं, तू येशील, बघशील..."

"ग्लॅडिस, घर जळलं असतं!"

"हो ना. पण तू कोणता कोट घालून येशील, ते काय ठाऊक आम्हाला?"

त्या दिवशी रूडी घरी येऊन न जेवता बसून राहिला. नऊ वर्षांत लोकांनी त्याला दोन्ही बाजूंनी शिव्या घातल्या होत्या, त्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. पण आग लागलेली असताना दाराला आतून कडी लागावी, हे त्याच्या डोक्यात बसत नव्हतं.

त्यात वॉल्फ्रिडची तक्रार आली. टाइप केलेली तीन पानं, परिच्छेदांना क्रमांक. पोलीसप्रमुखाने गुन्हेगार माहीत असताना सहा दिवस दिरंगाई केली. बंबप्रमुखाने ऐन आगीत नळी सोडून सहा मिनिटं रस्त्यावर घालवली. सोबत नकाशा, त्यावर वाऱ्याची दिशा बाणाने. गावच्या कौन्सिलची अध्यक्ष बर्निस ऑयाला शाळेतून निवृत्त झालेली ग्रंथपाल; कुठला कागद कुठे जायचा ते तिला पाठ. बंबाविरुद्धची तक्रार चौकशीसाठी पोलिसांकडे जाते, म्हणून तिने ती शिक्का मारून रूडीकडे पाठवली.

रूडीने तिला फोन केला. "बर्निस, मी माझीच चौकशी करू?"

"नियम तसा आहे."

"मी मला बोलावून घेऊ? समोर बसवू?"

"कसं करायचं ते तू ठरव. तीस तारखेपर्यंत उत्तर हवं."

घरी डार्लीनने विचारलं, "मग, कबूल केलंस का काही?"

"हसू नकोस."

"मी हसत नाहीये. वकील लावलास का ते विचारतेय." आणि ती इतकी हसली, की तिला खुर्चीत बसावं लागलं. रूडी उठून अंगणात गेला आणि नसलेलं गवत कापत राहिला.

तीस तारखेला सभा झाली. हॉल भरला होता. बर्निसने चष्मा लावून सांगितलं, की कौन्सिलच्या मते ही दोन पदं एका माणसाकडे असणं योग्य नाही, तेव्हा रूडीने एक सोडावं.

रूडी उठला. कागदावर काहीबाही लिहून आणलं होतं, ते त्याने खिशातच राहू दिलं.

"नऊ वर्षांपूर्वी हे तुम्हाला अयोग्य वाटलं नाही," तो म्हणाला. "तेव्हा मी बाहेर हरणापाशी उभा होतो. असो. नळी धरली तर रस्ता सोडला म्हणता, रस्ता धरला तर नळी सोडली म्हणता. लिहिलं तर चहाडखोर, नाही लिहिलं तर कामचुकार. माझ्या बायकोलासुद्धा मी कंटाळून सांगितलंय, की मला नेमकं कोणत्या वेळी शिवी द्यायची ते गावाने एकदा वेळापत्रक लावून ठरवावं." लोक हसले. तो हसला नाही. "पण ग्लॅडिसचा हात भाजला. आग लागल्यावर कुणी मला दारात घ्यायला घाबरणार असेल, तर मी बंबाचा प्रमुख राहून उपयोग नाही. म्हणून बंब सोडतो. मला सोडायचा नव्हता. सोडतो."

तो खाली बसला. बर्निस म्हणाली, "ठीक. मग प्रमुखपदासाठी कोण तयार आहे?"

पुढच्या रांगेतल्या दोघांना एकदम आपल्या बुटांच्या नाड्या आठवल्या. रूडीने डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं, आता हे सगळे मिळून पुन्हा मलाच निवडतील.

तेवढ्यात मागून इम्पी हातायाचा आवाज आला. "वॉल्फ्रिडला करा की. आग कशी विझवायची ते महिनाभर कुंपणावरून तो मला शिकवतोच आहे."

आधी एक जण हसला, मग सगळा हॉल. वॉल्फ्रिड उठून उभा राहिला, कानापर्यंत तांबडा झालेला. "यात हसण्यासारखं काय आहे?" तो म्हणाला. "मला जमेल. पण माझ्या अटी आहेत. एकूण सात."

"मंजूर," बर्निस अटी न ऐकताच म्हणाली आणि तिने हातोडा आपटला.

सभा संपल्यावर कोट अडकवायच्या बोळात इम्पी रूडीला गाठून उभी राहिली. बाकीचे बाहेर पडेपर्यंत तिने हातमोजे घालण्यात वेळ काढला.

"मला ठाऊक होतं रे," ती हळूच म्हणाली. "त्या दिवशी. कोट पिवळा असला तरी आत कोण आहे ते मला दिसत नव्हतं का? पोलिसाला फोन करून पोराचं नाव सांगायचं, ते माझ्याने झालं नसतं. आणि वॉल्फ्रिडचं कोठार जाळून ठिणगी म्हणायचं, तेही गिळवत नव्हतं. म्हणून बंबवाल्याला सांगितलं."

रूडी तिच्याकडे बघतच राहिला. "मग गावभर माझं नाव का घेत फिरलीस?"

"लेनीसमोर कुणाचं तरी घ्यायलाच हवं होतं. मला त्याच्याबरोबर एका घरात राहायचंय."

"आणि ग्लॅडिसचा हात, मावशी?"

इम्पीने घातलेला हातमोजा पुन्हा काढला. मग ती म्हणाली, "तिच्याकडे रोज जाते मी. भांडी घासते तिची. सांगितलंय तिला."

"मलाही सांगायचं होतंस. आधी."

"तुला सांगितलं असतं तर तू कागदात लिहिलं असतंस."

रूडीने रागारागाने टोपी घातली आणि त्याच रागात तिचा हात धरून तिला पायऱ्या उतरवून दिल्या, कारण पायऱ्यांवर दिवा नव्हता आणि कौन्सिलला तो लावायचं तीन वर्षं सांगून झालं होतं.

न्यायाधीशाने लेनीला वॉल्फ्रिडचं कोठार बांधून द्यायची शिक्षा दिली. सगळा उन्हाळा दोघं मोजपट्टीवरून भांडत राहिले. पहिली भिंत वॉल्फ्रिडने उतरवायला लावली, दुसरी लेनीने स्वतःच उतरवली. तो आईशी कधी बोलू लागला ते कुणी पाहिलं नाही, पण जूनमध्ये त्याने जळक्या सौनाच्या जागी पायाचे दगड मांडले.

आणि वॉल्फ्रिड? रूडीची सगळी भिस्त यावर होती, की वॉल्फ्रिड आठवड्याभरात हात टेकेल. त्याने टेकले नाहीत. त्याने पंप सुटा करून पुन्हा जोडला आणि तो आता पहिल्या झटक्यात पाणी ओढू लागला. नळ्या लांबीप्रमाणे टांगल्या. दर गुरुवारी सराव ठेवला आणि हजेरीची वही केली. ग्लॅडिससकट चौदा घरांत जाऊन त्याने धुरांडी तपासली, आणि लोकांनी त्याला आत घेतलं, कॉफी दिली. रूडी साधा स्वयंसेवक म्हणून सरावाला जायचा आणि त्याला वहीत सही करावी लागायची.

"नीमेला, गाठ उलटी आहे," वॉल्फ्रिड म्हणायचा.

"नऊ वर्षं मी अशीच मारतोय."

"हो, मी नऊ वर्षं बघतोय."

जूनच्या अखेरीस पाद्रीबाबांच्या घराच्या छपराला आग लागली. रूडी पोचला तेव्हा वॉल्फ्रिडने शिडी लावलेली होती. रूडीने सवयीने पिवळा कोट ओढला.

"तो नको!" वॉल्फ्रिड छपराखालून ओरडला. "तू निळा. रस्त्यावर जा!"

रूडीने कोट परत सीटवर फेकला आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिला. तीन गाड्या आणि एक ट्रॅक्टर थांबवला. थांबवण्यासारखं आणखी काही नव्हतं, म्हणून तो मान वळवून बघत राहिला: नळी वाऱ्याच्या बाजूने आलेली, पाणी बुडाशी पडतंय, कुणी कुणाच्या पायात येत नाही. दोष काढायला त्याने बराच प्रयत्न केला. बाराव्या मिनिटाला आग विझली.

घरी आल्यावर डार्लीनने विचारलं, "काय झालं?"

"विझली," रूडी बूट काढत म्हणाला. "अगदी व्यवस्थित विझली." आणि बूट त्याने दारामागे इतक्या जोरात टाकला, की फळीवरचे कप वाजले.